चांद तोंडावर

"चांद कुठं हाय?" बापूने विचारलं.

"तोंडावर," मी म्हटलं.

"आनी सावली?"

"पाठीमागं. बांधावर पडलीय."

"मंग बस. हालू नको."

खाडीवर गरी टाकायच्या आधी हे आमचं ठरलेलं बोलणं होतं. त्या रात्री कार्तिकातली पुनव होती. बांधावरचा खडा न् खडा दिसत होता, खेकड्यांची बिळं दिसत होती, आणि बापू मला विचारत होता की चांद कुठं आहे. कारण त्याला दिसत नव्हता. दिवसा त्याची नजर घारीसारखी, पण दिवेलागण झाली की हसुराम घरताचे डोळे असून नसल्यासारखे. तीन पावसाळे असे गेले होते. घरात मला आणि आईला ठाऊक होतं, गावात कुणालाच नाही. गावातून निघताना तो हातात पेटता कंदील घ्यायचा आणि दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवायचा. बघणाऱ्याला वाटे, बाप पोरीला उजेड दाखवत चाललाय. बांध आला की कंदील विझवायचा आणि त्याचं मुंडासं माझ्या डोक्याला बांधायचा. लांबून कुणी बघितलं तर हसुराम बसलाय असंच वाटावं.

आमच्या गावात चांदण्या रात्री कुणी जाळं काढत नसे. "चांद जास्त हाय, मासली नाय लागायची," असं म्हणून सगळे पुरुष पारावर पत्ते कुटत बसायचे. कुणाचं काही बिघडलं तरी चांद जास्त होता म्हणायची गावाला सवयच लागली होती. भात करपला, चांद जास्त होता. जावई रुसला, चांद जास्त होता. पुनवेला मासा यायचा तो फक्त आमच्या घरात, आणि तोही जिताडा. कुणाकडे मोठा पाहुणा यायचा असला की लोक आदल्या दिवशी आमच्या दारात येऊन उभे राहत.

बापूचं शास्त्र साधं होतं. उजेड माशाला असतो तसा आपल्यालाही असतो. जिताडा चांदण्यात फिरत नाही. तो सावलीत दबा धरून बसतो आणि उजेडातून वाहत जाणारी कोळंबी उचलतो. जी सावली हलत नाही ती त्याची. जी हलते तिला तो भितो, आणि एकदा भ्याला की त्या जागेवर रात्रभर फिरकत नाही. म्हणून आपण चांद तोंडावर घेऊन बसायचं, म्हणजे आपली सावली जमिनीवर पडते, पाण्यावर नाही.

आणि सावली होती ती खांबांची. खाडी आमच्याकडे अरुंद, समोरच्या काठावर कुणी खोकला तर ऐकू यावं एवढी. तिच्या मधोमध दगडी खांब होते दोन. कधी काळी पूल बांधायला घेतला होता तो खांबांवरच थांबला. पुढाऱ्यांना त्या खांबांचा उपयोग निवडणुकीत व्हायचा आणि आम्हाला पुनवेला. चांद समोरच्या काठामागून वर आला की खांबांच्या सावल्या पाण्यावरून आमच्याकडे लांबत यायच्या. भरतीबरोबर वर चढणारा जिताडा त्या सावलीत येऊन उभा राहायचा, रांगेतल्या माणसासारखा.

मी तंगुसाची दोरी बोटावर घेतली. जिवंत कोळंबी लावलेली गरी उजेडात टाकली आणि पाण्याला तिला सावलीत नेऊ दिलं. बापू माझ्या मागे बसून दोरीचा शेवट चिमटीत धरून होता. त्याची बोटं अजून माझ्यापेक्षा जास्त जाणायची.

"बोय हाय," तो म्हणाला. "हुंगतेय नुसती. जाऊ दे."

बोय हा साधा मासा. मी जाऊ दिलं.

"उद्यासाठी तुझ्या आयशीनं तांदूल धुवून वालत घातलंय," तो थोड्या वेळाने म्हणाला. "मसाला वाटलाय. आता आपली लाज ह्या पान्याच्या हातात."

उद्या मला बघायला येणार होते. आधी तीन स्थळं येऊन गेली होती, तिन्ही वरच्या अंगाची, जिथे पाणी म्हणजे विहीर. एकाला मी काळी वाटले, दुसऱ्याला उंच, तिसऱ्याने काही कारणच दिलं नाही. मला त्यांचं वाईट वाटलं नव्हतं. शेवटी लग्न होऊन मी वरच्या अंगालाच पडले ती गोष्ट वेगळी. पण हे चौथं स्थळ समोरच्या काठावरचं होतं. म्हात्र्यांचा हरेश्वर, बारावी झालेला, मिठागरावर मुकादम. त्या घरात दिलं असतं तर माझी खाडी सुटणार नव्हती. तेच पाणी, तेच खांब, फक्त दुसऱ्या बाजूने बघायचे. चोवीस वर्षांच्या मुलीने लग्नात काय काय मागावं! मला तेवढंच हवं होतं, आणि ते इतकं हवं होतं की आईलासुद्धा बोलून दाखवायची भीती वाटत होती.

दोरी जड झाली. ओढ नाही, नुसती जड, जणू कुणी तिच्यावर पाय ठेवलाय.

"त्योच," बापू पुटपुटला. "नको ओढू. गिलू दे."

मी श्वास धरून बसले. मग झटका दिला आणि खांबाच्या सावलीतलं पाणी फुटलं. जिताडा उजेडात उसळला, अंग पांढरं, डोळा निखाऱ्यासारखा लाल. दोरीने माझं बोट कापलं. बापूने मागून माझ्या कमरेला मिठी मारली आणि बांधाच्या दगडाला टाच लावली. मासा वर आला तेव्हा आम्ही दोघंही चिखलात बसलो होतो. बापूने डोक्यापासून शेपटीपर्यंत त्याच्यावरून हात फिरवला.

"चांगुने," तो म्हणाला, "तुझ्या हातात माझ्यापेक्षा जास्त मासली हाय."

हे तो बांधावर म्हणाला. ऐकायला मी होते आणि खाडी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते होडीतून आले. हरेश्वर, त्याचा बाप कमळाकर म्हात्रे, आणि स्थळ आणणारा, त्याच काठावर राहणारा माझा धाकलूमामा. पाहुण्यांसमोर मुलीने उभं राहायची, चालून दाखवायची पद्धत आमच्याकडे नव्हती. मुलीने जेवण वाढायचं आणि पाहुण्यांनी जेवता जेवता बघून घ्यायचं. मी जिताड्याचं कालवण वाढलं, तांदळाच्या भाकऱ्या वाढल्या आणि शेवटी वाडग्यातून डोकं आणलं. जिताड्याचं डोकं मुख्य पाहुण्याच्या ताटात पडतं. मी ते कमळाकर म्हात्र्यांना वाढलं.

त्यांनी ताटाकडे बघितलं, मग बापूकडे.

"हसुराम, कालची पुनव. आमच्या काठाला कोनाला एक कोलंबी नाय लागली. आनी तू यवरा जिताडा काढलास. हे डोकं मना नाय सोभत. ज्यानं गरवला त्याचं."

असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने ते डोकं उचललं आणि बापूच्या ताटात ठेवलं.

मी वाडगं घेऊन तिथेच उभी होते. माझ्या बोटाला चिंधी बांधलेली होती. बापूने एकदा मान वर केली, मी उभी होते त्या बाजूला, आणि लगेच खाली घातली. त्याला दिवसा चांगलं दिसायचं.

"आता काय, जुना हात हाय," तो म्हणाला, आणि डोकं फोडून खायला लागला. डोळे चोखले, गालफडं चोखली. मामा हसत होता. म्हात्रे हसत होते. हरेश्वर मात्र माझ्या बोटाकडे बघत होता.

जेवणं झाल्यावर मामा म्हणाला, "पोरांना दोन शब्द बोलू द्या. जमाना बदललाय." आम्हाला मागच्या पडवीत पाठवलं. आत आई मुद्दाम भांडी वाजवत होती, म्हणजे तिला ऐकू येत नाही असं आम्हाला वाटावं.

"काल खाडीवर तू होतीस," हरेश्वर म्हणाला.

"कुठं? मी नाय."

"बापूचं मुंडासं बांधून. मी मिठागराच्या खोपीतून वर्षभर बघतोय."

"तुमना कसा कळला?"

"चांद तोंडावर घेऊन बसतेस ना? आमच्या काठावरून तुझं नाकसुद्धा दिसतं."

खरंच की. आपण माशाला दिसू नये याची बापूने सगळी काळजी घेतली होती. माणसाला दिसू याचा विचार आम्ही दोघांनीही केला नव्हता.

"कुनाला बोललात?"

"कुणाला नाही." तो हसला. त्याचे दात चांगले होते. "मला फक्त विचारायचंय. एवढ्या उजेडात तू मासा काढतेस कसा?"

आज इतक्या वर्षांनी मी त्या प्रश्नाकडे बघते तेव्हा मला स्वतःचीच कीव येते आणि रागही येतो. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला झालेला आनंद पुढे मला माझ्या लग्नातही झाला नाही. गाव विचारायचं ते बापूला. आई विचारायची ती "लागली काय?" एवढंच. तू कसा काढतेस, असं मला कुणीच कधी विचारलं नव्हतं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं. न हलणारी सावली आणि हलणारी सावली. खांबाची सावली पाण्यावर कुठे पडते आणि तिच्या कुठल्या अंगाला जिताडा तोंड करून उभा राहतो. बोय हुंगते तेव्हा दोरी कशी थरथरते आणि जिताडा घेतो तेव्हा ती थरथरत नाही, नुसती जड होते. बोलता बोलता मी पडवीच्या मातीवर बोटाने खाडी काढली, दोन खांब काढले, चांद काढला.

तो उकिडवा बसून बघत होता. "आणि आमच्या काठावरून?"

"तुमच्या काठाला रातच्या पहिल्या अंगाला चांद पाठीवर. तुमची सावली तुमच्याच गरीवर. म्हनून लागत नाय." मी मातीतला चांद पुसून दुसऱ्या बाजूला काढला. "अर्धी रात सरू द्या. चांद आमच्या अंगाला उतरला का तुमच्या तोंडावर येतो. खांबांची सावली तुमच्याकडं जाते. ओहोटी लागलेली असते. माघारी जानारा जिताडा खांबाआड दम खातो. पहाटेला तुमचा काठ आमच्यापेक्षा चांगला."

"गरी सावलीत टाकायची?"

"नाय. उजेडात टाकायची, सावलीत वाहू द्यायची. सावलीत धपकन पडली तर दचकतो."

"उजेडात टाकायची, सावलीत वाहू द्यायची," तो शाळेतल्या पोरासारखा म्हणाला. मग उठून त्याने पँटीची माती झटकली. "बघू. पुढे दोघं बसू."

दोघं बसू, असं तो म्हणाला. मी कानाने ऐकलंय. त्या दोन शब्दांवर मी आठवडाभर जगले. भांडी घासताना, गोवऱ्या थापताना, पहाटे उठून समोरच्या काठाकडे बघताना. तिथली एक जागासुद्धा मी मनात धरली होती, तिवराच्या एका झुडपाशेजारी, जिथून दोन्ही खांब दिसतील. आई म्हणाली, पोरगी हसायला लागलीय. पडवीतली ती मातीतली खाडी मी सारवली नव्हती.

आठव्या दिवशी मामा आला. पायरीवर पाय धुतले, पाणी प्याला, पावसापाण्याचं बोलला. चांगली बातमी आणलेला माणूस पाय धूत बसत नाही. मी दाराआड होते.

"नाय बोलले ते," तो शेवटी म्हणाला.

"का म्हनून?" आईने विचारलं. "पोर पसंत होती ना त्यांना? दोन वाडगी कालवन प्याले."

"पोर चांगली हाय बोलले. पन..." मामाने बापूकडे बघितलं. "रातची डोक्याला मुंडासं बांधून खाडीवर बसते बोलले. बाप्यासारखी. असली पोर घरात टिकायची नाय बोलले."

"कोन बोललं त्यांना?"

"हरेश्वरनंच सांगितलं घरी. बापानं इचारलं, पोर कशी हाय, तर सांगितलं त्यानं."

मुद्दाम सांगितलं की बोलण्याच्या ओघात निसटलं, मला आजही ठाऊक नाही. फरकही पडत नाही. दार माझ्या गालाला लागलेलं होतं आणि मला लाकडाचा वास येत होता.

बापू उठून उभा राहिला. मला वाटलं, आता हा बोलेल. डोळ्याचं सांगेल. म्हणेल की तीन वर्षं ह्या घरात मासा आला तो तिच्या हाताने आला, आणि म्हणेल की मुंडासं मीच बांधलं. असं काही म्हणाला असता तर स्थळ थोडंच परत येणार होतं? पण मला ते ऐकायचं होतं.

"धाकलू, जाऊन सांग त्यांना," बापू म्हणाला. आवाज चढला होता. "माझी पोर कंदी खाडीवर गेली नाय. कंदीच नाय. ज्यानं बगितलं त्याच्या डोल्यात खोट हाय. गरवतो तो मी. सगल्या गावाला ठावं हाय."

आईने पाण्याचा तांब्या उचलला. मामाने मान हलवली. हसुराम घरताचा शब्द गावात चालायचा.

"एक मातर हाय," मामा जाता जाता म्हणाला, विषय बदलायला. "तो पोरगा हुशार निघाला. तुमच्याकडून गेला, दुसऱ्याच पहाटेला समोरून जिताडा काढला त्यानं. चांदन्यात. आमच्या बाजूला कोनी इश्वास ठेवीना."

दुसऱ्याच पहाटे. मी त्या पहाटे अंथरुणात जागी होते आणि दोघं कुठे बसू ते ठरवत होते. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्याला मरायलाही वेळ दिला नव्हता.

मी पडवीत गेले आणि पायाने मातीतली खाडी पुसली. बापू मागोमाग आला. दुपार होती, त्याला माझा चेहरा नीट दिसत होता.

"मी बोललो ते तुझ्यासाठीच बोललो," तो म्हणाला. "पोरीची अब्रू असते."

"डोकं गोड लागलं काय, बापू?" मी विचारलं.

तो परत गेला. नंतर मी पुढच्या पुनवेपर्यंत त्याच्याशी कामापुरतं बोलले. रात्री मी दोरीला हात लावला नाही. मी नाही म्हणजे तो नाहीच, कारण आपली पोर कधी खाडीवर गेली नाही असं सांगून बसलेल्या माणसाला तिच्या खांद्यावर हात ठेवून कसं निघता येणार? हात दाखवून अवलक्षण केलं होतं त्याने. लोक येऊन विचारत, तो पाय दुखतो म्हणून सांगे. समोरच्या काठावर म्हात्र्याचा पोरगा मासा काढतो म्हटल्यावर लोक तिकडे जाऊ लागले. हसुरामचा हात उतरला, असं पारावर कुणीतरी म्हणालं आणि आईने ते घरी येऊन सांगितलं. बापूने ऐकून घेतलं.

मग बाजारातून आईने दुसरी बातमी आणली. हरेश्वरचं जमलं. मुलगी पेणच्या बाजूची, गोरी. साखरपुडा मार्गशीर्षातल्या पुनवेच्या दुसऱ्या दिवशी.

"सगल्या पावन्यांना जिताड्याचं जेवन हाय बोलतात," आई म्हणाली. "कमलाकर म्हातरा सगल्या बाजारात सांगत सुटलाय. माझ्या पोराच्या हातचा जिताडा, पुनवेचा. घाटावरनंबी पावनं येनार."

भाकरी तव्यावर करपली आणि मी ती तशीच बापूच्या ताटात वाढली.

पुनवेच्या रात्री मी झोपले नाही. कौलांच्या फटीतून येणारं चांदणं एका भिंतीवरून दुसरीवर सरकताना बघत राहिले. ते मला हवं तिथे आलं तेव्हा उठले. गरी घेतली नाही, दोरी घेतली नाही. ओटीवर आले तर बापू खांबाला टेकून बसलेला. जागा होता.

"कोन? चांगुना?"

"हां."

"मीबी येतंय."

त्याच्या हातात दोरीचं गुंडाळं होतं. कधीपासून तसा बसला होता कोण जाणे. मला नाही म्हणायचं होतं, पण त्याने माझा खांदा चाचपून हात ठेवला आणि मी चालायला लागले. त्या रात्री त्याने कंदील घेतला नाही, आणि मुंडासंही त्याच्याच डोक्यावर राहिलं.

बांधावर आलो तेव्हा चांद आमच्या पाठीशी गावाच्या झाडांवर उतरला होता. ओहोटी चांगली लागली होती. खांबांच्या सावल्या समोरच्या काठाकडे लांबल्या होत्या, आणि तिकडे, तिवराच्या झुडपाशेजारी, मी मनात धरलेल्या जागेवर, हरेश्वर बसला होता. चांद त्याच्या तोंडावर होता. त्याचं नाकसुद्धा दिसत होतं.

चांगला शिकला होता. पाठ ताठ, कोपर गुडघ्यावर, दोरी बोटावर. गरी उजेडात टाकली आणि वाहू दिली. मी त्याला जसं सांगितलं होतं अगदी तसं. त्याच्या बाजूच्या सावलीच्या कडेला पाणी एकदा मऊ वळलं आणि मला कळलं की तिथे जिताडा आहे, मोठा आहे, आणि तो कोळंबीकडे बघतोय.

बापू दगडावर बसला. दोरीचा शेवट चिमटीत घेतला.

"चांद कुठं हाय?"

"पाठीवर," मी म्हटलं.

तो थांबला. आयुष्यात त्याने हे उत्तर ऐकलं नव्हतं.

"मंग सावली?"

"पान्यावर. लांब गेलीय. खांबाच्या पार."

खाडी खळखळत उतरत होती. बापूने मान वळवून पाण्याकडे केली, जसं काही त्याला दिसणार होतं.

"समोर कोन हाय?"

"तोच."

"बसलाय?"

"तोंडावर चांद घेऊन बसलाय."

बापूने दोरी परत गुंडाळली. सावकाश, एकेक वेटोळं. गुंडाळी मांडीवर ठेवली.

"मंग हाल जराशी," तो म्हणाला.

मी बांधाच्या कडेला गेले, तिथून माझी सावली सरळ पाण्यावर जाऊन समोरच्या सावलीत घुसली. मी दोन्ही हात वर केले आणि हलवले. पदर सोडला आणि तोही हलवला. लहानपणापासून जे जे करायचं नाही म्हणून शिकले होते ते सगळं केलं. खांबाआडचं पाणी फुटलं, एक मोठी वळवळ उजेडातून निघाली आणि समुद्राच्या दिशेने निघून गेली.

हरेश्वरने दोरी ओढली. कोळंबी तशीच होती. त्याने जागा बदलली, पुन्हा टाकली. मी पाच-सात पावलं सरकले आणि पुन्हा हात वर केले. तो दुसऱ्या खांबाकडे गेला, मीही गेले. चांद जसा खाली येत होता तशी माझी सावली लांब होत होती, मला काही करावंच लागत नव्हतं. शेवटी ती त्याच्या पायांपर्यंत पोचली. तेव्हा कुठे त्याचं लक्ष गेलं. तो उठून उभा राहिला आणि कपाळावर हात धरून आमच्याकडे बघू लागला. त्याचा चेहरा मला स्वच्छ दिसत होता. घाबरलेला होता. सकाळी पाहुणे येणार होते. माझा चेहरा त्याला दिसणं शक्य नव्हतं, माझ्यामागे चांद होता.

"कोन हाय तिकडं?" तो ओरडला.

पाण्यावरून आवाज आला, खांबांवर आपटून पुन्हा आला. बापू उठून माझ्या मागे आला होता, त्याने माझा खांदा शोधून हात ठेवला. मी वाट बघितली. मला वाटलं, आता तरी म्हणेल. इथे गाव नाही, मामा नाही. एवढंच म्हणायचं होतं की माझी पोर हाय.

त्याने हात घट्ट केला.

"कोन हाय?" हरेश्वर पुन्हा ओरडला. मग त्याने दोरी गोळा केली आणि खोपीकडे चालू लागला. चांद झाडांत गेला आणि माझी सावलीही गेली.

उजाडता उजाडता आम्ही घरी आलो. आई अंगणात सडा टाकत होती. तिने बापूच्या रिकाम्या हाताकडे बघितलं, माझ्या चिखलाच्या पायांकडे बघितलं.

"लागली काय?" तिने विचारलं.

बापू पायरीवर बसला आणि मुंडासं सोडू लागला.

"नाय," तो म्हणाला. "चांद जास्त होता."